बोरीबंदरचा शिल्पकार : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका इंग्रज गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका वास्तूत आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात कोणीतरी एके काळी पोटापाण्यासाठी मुंबई सोडून परमुलखात आले, आणि त्यांच्या प्रवासाचा आरंभ पुष्कळदा बोरीबंदरच्या फलाटावर झाला. सुटीत आप्तेष्टांकडे परतणाऱ्या मुलांनी गाडीतून उतरल्यावर मुंबईचे जे पहिले रूप पाहिले, तेही याच स्थानकाचे. ही वास्तू ज्याने कागदावर रेखिली आणि दहा वर्षे खपून उभी केली, तो माणूसही ऐन विशीच्या उंबरठ्यावर घरदार सोडून परमुलखात आला होता आणि तेथेच मातीस मिळाला. तो राज्यकर्त्यांच्या जातीचा होता आणि आपण नव्हतो, हा भेद मोठाच आहे. तो विसरून चालणार नाही. तरीही त्याचे आयुष्य समजून घेण्याजोगे आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. बाथ हे उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. रोमन लोकांनी तेथे दोन हजार वर्षांपूर्वी स्नानगृहे बांधली होती आणि अठराव्या शतकात मधाच्या रंगाच्या स्थानिक दगडात सबंध शहरच नव्याने घडविले गेले होते. अशा गावात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांना दगडाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. शालेय शिक्षण आटोपल्यावर तो चार्ल्स डेव्हिस या वास्तुविशारदाकडे उमेदवार म्हणून राहिला. हे डेव्हिस पुढे बाथ नगरीचे वास्तुविशारद म्हणून आणि तेथील रोमन स्नानगृहांच्या उत्खननामुळे प्रसिद्धीस आले. त्या काळी वास्तुविद्या आजच्यासारखी महाविद्यालयात शिकविली जात नसे. गुरूच्या कचेरीत बसून नकाशे उतरवावयाचे, मोजमापे घ्यावयाची, गवंड्यांच्या मागे उभे राहावयाचे आणि वर्षानुवर्षे हात बसवावयाचा, अशीच ती परंपरा होती. आपल्याकडील सुतार-पाथरवटांच्या घराण्यांना ही रीत मुळीच परकी नव्हती.

१८६७ साली हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून स्टीव्हन्स यांची नेमणूक झाली. काही काळ ते पुण्यास होते; पण लवकरच त्यांची बदली मुंबईस झाली आणि तेथेच त्यांचे भाग्य ठरले.

ती मुंबई कशी होती, हे थोडे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अलोट पैसा आला. १८६५ साली युद्ध संपताच तो आला तसा बुडालाही. पण त्या चार-पाच वर्षांत शहराचा नकाशा बदलला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत जुन्या कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची एक मोठी रांग उभी करण्याचे ठरले. सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय ही सारी त्याच संकल्पाची फळे. शैली ठरली होती ती गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, उंच मनोरे आणि कोरीव दगडांची. इंग्लंडमध्ये त्या शैलीचे तेव्हा पुनरुज्जीवन झाले होते. उच्च न्यायालयाचे शिल्पकार जनरल फुलर यांच्या हाताखाली तरुण स्टीव्हन्स काम करू लागले. एका शहराचा चेहरा घडत असताना तेथे असणे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. डेव्हिस यांच्या कचेरीत राहिले असते तर बाथमध्ये त्यांच्या हातून चार घरे आणि एखादे प्रार्थनामंदिर झाले असते, एवढेच.

त्यांचे पहिले मोठे स्वतंत्र काम म्हणजे रॉयल आल्फ्रेड खलाशीगृह. बंदरात आलेल्या दर्यावर्दी लोकांना उतरण्यासाठी हे घर बांधावयाचे होते. १८७० मध्ये राणीचे पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो मुंबईस आले, तेव्हा त्याची कोनशिला बसविण्यात आली, आणि या कामासाठी बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मोठी देणगी दिली होती. १८७६ पर्यंत इमारत पूर्ण झाली. पुढे १९२८ मध्ये ती मुंबईच्या विधिमंडळासाठी घेण्यात आली आणि कौन्सिल हॉल म्हणून ओळखली जाऊ लागली. जुन्या मुंबई राज्याचे आणि नंतर महाराष्ट्राचे विधिमंडळ तेथे भरत असे. १९८२ पासून तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. खलाश्यांसाठी बांधलेल्या वास्तूत आमदार बसले आणि मग पोलीस अधिकारी. इमारत मात्र आपल्या जागी घट्ट राहिली.

या कामाने स्टीव्हन्स यांचे नाव झाले आणि १८७७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने सरकारकडे त्यांची सेवा मागून घेतली. कंपनीस मुंबईत आपले शेवटचे स्थानक आणि मुख्य कचेरी बांधावयाची होती.

या कंपनीच्या स्थापनेत आपल्या माणसांचा वाटा मोठा होता. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईकरांचे नाना, आणि सर जमशेटजी जीजीभाई हे तिच्या हिंदी संचालकांपैकी होत. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली उतारू गाडी बोरीबंदरहून ठाण्यास गेली ती याच कंपनीची. ते बोरीबंदर म्हणजे एक साधे लाकडी स्थानक होते. चौतीस किलोमीटरच्या मार्गास ते पुरेसे होते. पण पुढच्या वीस वर्षांत परिस्थिती पार पालटली. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग सह्याद्री चढला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपहून येणाऱ्यांस मुंबई हेच हिंदुस्थानचे पहिले बंदर ठरले. १८७० मध्ये जबलपूर येथे पूर्वेकडील रेल्वेशी सांधा जुळून मुंबईहून थेट कलकत्त्यास जाता येऊ लागले. सबंध देशाचे महाद्वार झालेल्या शहरास लाकडी चाळवजा स्थानक शोभेना, आणि ते पुरेना.

कामगिरी हाती येताच स्टीव्हन्स यांनी दहा महिन्यांचा युरोपप्रवास करून तेथील स्थानके पाहिली. त्यांच्या संकल्पित इमारतीचे एक भव्य जलरंगचित्र ॲक्सल हेग या लंडनवासी स्वीडिश चित्रकाराने काढले. ते पाहणाऱ्यास आज नवल वाटते ते असे की, एक वीटही बसविली गेली नव्हती तेव्हाच्या चित्रात आणि पुढे उभ्या राहिलेल्या वास्तूत फारसा फरक नाही.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचा या वास्तूवर परिणाम झाला आहे, असे जाणकार सांगतात, आणि ते खोटे नाही. टोकदार कमानी, रंगीत दगड, व्हेनिसच्या धर्तीची गवाक्षे यांत स्टीव्हन्स यांचे ऋण उघड दिसते. पण नक्कल आणि रचना यांतील भेद येथे पाहावा. लंडनमधील स्थानकापुढे हॉटेल बांधले होते आणि थंडी हा तेथला शत्रू होता. मुंबईत ऊन, दमट हवा आणि चार महिन्यांचा धो-धो पाऊस. म्हणून स्टीव्हन्स यांनी तीन मजली कचेरीची आखणी एका मोकळ्या चौकाभोवती तीन बाजूंनी केली, समुद्राचा वारा खोल्यांतून आरपार खेळेल अशी योजना केली आणि दर्शनी बाजूस खोल, कमानीदार व्हरांडे ठेवले. भिंतीवर थेट ऊन पडत नाही आणि पावसाची झड आत येत नाही. आपल्या चौसोपी वाड्यांची युक्ती याहून फार निराळी नाही. त्यांनी वाडे पाहून हे घेतले असे म्हणण्यास आधार नाही. पण एकाच हवेने दोघांनाही एकच धडा शिकविला असावा.

काम १८७८ मध्ये सुरू झाले. या वास्तूतील खरे धाडस मात्र मध्यभागीच्या घुमटाचे होते.

दगडी घुमट बांधावयाचा तर एरवी आतून प्रथम लाकडाचा भक्कम साचा उभारतात, त्यावर दगड बसवितात आणि चुना पक्का झाल्यावर साचा काढून घेतात. स्टीव्हन्स यांनी हा साचा वापरलाच नाही. घुमट अष्टकोनी, त्याच्या कोपऱ्यांतून दगडी फासळ्या वर जातात आणि शेंड्याशी एकत्र येतात. हे दगड नुसते एकमेकांवर ठेवलेले नाहीत. सुतार जसा पेटीचा कोपरा खाचेत खाच घालून जोडतो, तसे ते एकमेकांत गुंतविले आहेत. त्यामागील तत्त्व असे: आत झुकलेल्या दगडांचा एक थर पूर्ण फिरून मिळाला की त्यातील कोणताही दगड आत घसरू शकत नाही, कारण दोन्ही बाजूंचे शेजारी त्यास दाबून धरतात. कडे पूर्ण झाले की ते स्वतःच स्वतःचा आधार होते आणि पुढच्या थरास पाया देते. संकट असते ते कडे अपुरे असतानाच. तेव्हा अधांतरी झुकलेल्या प्रत्येक दगडाचा भार त्या खाचेवर आणि ती घडविणाऱ्या पाथरवटाच्या हातावर असतो. एका बाजूची खाच सैल निघाली किंवा एक दगड कललेला बसला, तर ते वैगुण्य वरच्या थरांत वाढत जाणार. गॉथिक वळणाच्या इमारतीवर अशा रीतीचा अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट ही त्या काळी अपूर्वच गोष्ट मानली गेली.

आणि हा घुमट शोभेपुरता नाही. त्याच्या खालीच मुख्य जिना आहे. पायऱ्या भिंतीतून पुढे आलेल्या, खाली खांब नाहीत. मध्ये सगळा अवकाश मोकळा. जिन्याने चढणाऱ्याची मान आपोआप वर जाते आणि रंगीत काचांतून झिरपणारा प्रकाश घुमटाच्या फासळ्यांवर खेळताना दिसतो. रेल्वेच्या कचेरीत हिशेबाचे कागद घेऊन जाणाऱ्या कारकुनासही राजवाड्याचा जिना चढावयास मिळावा, ही मला या वास्तूतील सर्वांत उदार गोष्ट वाटते. बाहेरून या घुमटाच्या शिखरावर प्रगतीची प्रतिमा उभी आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हातात चाक. ती लंडनच्या टॉमस अर्प या शिल्पकाराने घडविली. प्रवेशद्वाराच्या खांबांवरील ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ हेही त्याचेच काम. सत्तेचे हे प्रतीक आज पाहताना हसू येते. पण वाघ फार सुरेख झाला आहे यात शंका नाही.

बाकीचे कोरीव काम येथल्या हातांचे आहे. जमशेटजींच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेचे विद्यार्थी, जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली, या वास्तूच्या अलंकरणास लागले. हे तेच ग्रिफिथ्स, ज्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. स्टीव्हन्स यांच्या टोकदार कमानींच्या कुशीत मग मोर पिसारा फुलवून बसले, माकडे डोकावू लागली, साप वेटोळी घालू लागले आणि पानाफुलांच्या वेली खांबांच्या माथ्यांवरून ओघळल्या. दगडही अनेक गावचे. मालाडचा पिवळसर दगड भिंतींस, पोरबंदरचा पांढरा मऊ दगड कोरीव कामास, आतील दालनांस इटलीचा संगमरवर आणि ठिकठिकाणी चकचकीत ग्रॅनाइटचे खांब. तिकीटघराच्या छताच्या निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तारे रंगविले आहेत. तिकिटासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या लाखो माणसांपैकी किती जणांनी वर पाहिले असेल, कोण जाणे.

येथे दोन नावे आवर्जून सांगावयाची आहेत. साहाय्यक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक एम. एम. जनार्दन. प्रत्यक्ष बांधकामावर स्टीव्हन्स यांचे हे दोन हिंदी सहकारी होते. नकाशावरील एक रेघ दगडात उतरविण्यासाठी गवंड्यास त्याच्या भाषेत समजावणारा कोणी लागतो, खडीपासून चुन्यापर्यंत प्रत्येक मालाची पारख करणारा लागतो, आणि चुकलेला थर उतरवून पुन्हा बसवा, असे सांगण्याची हिंमत असलेला लागतो. बांधकामावर हे काम साहाय्यकाच्या आणि पर्यवेक्षकाच्या वाट्याला येते. साच्यावाचून उभा राहणारा घुमट अशा माणसांवाचून उभा राहिला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. इमारतीच्या दर्शनी भागावर कंपनीशी संबंधित थोरांचे मुखवटे कोरले आहेत. त्यांत नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी आहेत. देखरेख करणाऱ्यांस तेथे जागा देण्याचा रिवाज नव्हता, आणि आजही नसतो. वैद्यांचे नाव पुस्तकांतून एखाद्या ओळीपुरते येते आणि पान उलटते. ज्यांनी दगड घडविले त्या पाथरवटांस तर तेवढीही ओळ मिळालेली नाही. आपल्या इतिहासकारांनी जुन्या दफ्तरांतून या माणसांची चरित्रे शोधून काढावयास हवी होती. ते काम अद्याप बाकीच आहे.

२० जून १८८७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्थानकास व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव देण्यात आले आणि पुढल्या वर्षी, १८८८ मध्ये, काम पूर्ण झाले. दहा वर्षे लागली. तेव्हाच्या मुंबईत दुसऱ्या कोणत्याही इमारतीस एवढा काळ लागला नव्हता. खर्च आला सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. घड्याळाखालच्या कोनाड्यात बसविलेला राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलविण्यात आला. १९२५ मध्ये देशातील पहिली विजेची गाडी येथूनच कुर्ल्यास गेली. १९५१ मध्ये जुनी कंपनी मध्य रेल्वेत विलीन झाली आणि स्टीव्हन्स यांची कचेरी तिचे मुख्यालय बनली. १९९६ मध्ये स्थानकास छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले, २००४ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद केली आणि २०१७ मध्ये नावात महाराज हा शब्द जोडला गेला. जुने मुंबईकर अजूनही बोरीबंदर म्हणतात.

स्थानकाचे काम चालू असतानाच, १८८४ मध्ये, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १८८९ मध्ये त्यांस सी. आय. ई. ही पदवी मिळाली. तोवर स्थानकाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, मुंबई नगरपालिकेची इमारत बांधावयाचे घाटत होते. तिची कोनशिला १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली होती. स्पर्धेत मद्रासकडील चिझम यांचा मुसलमानी वळणाचा आराखडा आधी निवडला गेला होता. पण अखेर काम स्टीव्हन्स यांच्याकडे आले. त्यांनी येथे थोडी नमती बाजू घेतली. गॉथिक अंगावर घुमट आणि महिरपी कमानी देशी वळणाच्या चढविल्या. स्थानकाच्या घुमटासमोर उंचीने आणि डौलाने कमी पडू नये म्हणून मनोरा सुमारे २३५ फूट उंच नेला. १८९३ मध्ये ही इमारत पूर्ण झाली, आणि मंजूर रकमेहून कमी खर्चात. सार्वजनिक कामांचा अनुभव असलेल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

यानंतर प्रतिस्पर्धी रेल्वेने, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने, चर्चगेट येथील आपल्या मुख्य कचेरीसाठी त्यांनाच बोलाविले. काळ्या निळसर दगडाच्या भिंती आणि पोरबंदरी दगडाचे पांढरे काठ अशी ती वास्तू १८९९ मध्ये तयार झाली. आज ती पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. दोन रेल्वे कंपन्यांत गिऱ्हाइकांसाठी चुरस असे. दोघींची घरे बांधणारा हात मात्र एकच होता. तिची मांडणी अधिक आटोपशीर आहे आणि काही जाणकार तीस स्टीव्हन्स यांची सर्वोत्तम कृती मानतात. मला तसे वाटत नाही. तेथे कसब आहे. बोरीबंदरच्या घुमटाखाली जो थरार आहे तो तेथे नाही. उत्तरेकडील वाचकांस परिचित असलेले नैनितालचे राजभवन, तेव्हाचे गव्हर्नमेंट हाऊस, हेही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधले गेले.

ते काम पुरे होत होते त्याच सुमारास, मार्च १९०० मध्ये, हिवतापाने स्टीव्हन्स यांचा मुंबईत अंत झाला. वय अवघे बावन्न. मुंबईच्या तीन-चार सर्वांत देखण्या वास्तू उभारणारा हा माणूस त्या शहराच्या डासांस बळी पडला. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. त्यांचे पुत्र चार्ल्स फ्रेडरिक हेही वास्तुविशारद झाले आणि वडिलांचा व्यवसाय त्यांनी मुंबईतच पुढे चालविला. १९३३ मध्ये कुलाब्याच्या तोंडाशी उघडलेले रीगल चित्रपटगृह या चार्ल्स स्टीव्हन्स यांनी बांधले. त्याच्या भिंतींवर टोकदार कमान नाही, मोर नाही आणि माकडही नाही.